जहाजाला अटक कशी होते? (इयत्ता आठवी, नागरिकशास्त्राला पूरक)

आठवीला न्यायव्यवस्था शिकवताना उच्च न्यायालय म्हटलं की आपल्या जळगाव-धुळ्याच्या मुलांना छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ आठवतं. पण समुद्री जहाजांचे दावे मुंबईला चालतात. खान्देशात समुद्र नाही, मग हे आपल्याला कशाला? तर केळीसाठी. २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या तांदलवाडीची, भौगोलिक मानांकन असलेली २२ टन केळी दुबईला निर्यात झाली.

आता वर्गात हा प्रश्न टाका. शीत कंटेनर जहाजावर बंद पडला, केळी वाटेतच पिकून गेली. जहाजाचा मालक ग्रीसचा, झेंडा पनामाचा, खलाशी चार देशांचे. दावा कोणावर लावायचा?

मुलं मालकाचं नाव घेतात. पण मालक सापडणार कुठे? म्हणून या कायद्यात दावा थेट जहाजावरच लावता येतो, खटल्यात नावही जहाजाचंच असतं. न्यायालयाचा हुकूम जहाजावर नेऊन लावला जातो. मुंबईत हे काम शेरीफच्या कार्यालयाकडे असतं. (जहाजाला अटक म्हटल्यावर मुलं हसतात. हसू द्या, शब्द पक्का लक्षात राहतो.) जहाज बंदरात अडकलं की मालकाचा रोजचा खर्च चालूच राहतो, त्यामुळे तो तारण भरून जहाज सोडवतो. नाही सोडवलं, तर न्यायालय जहाज विकून देणी भागवू शकतं.

ही पद्धत चांगलीच आहे. अडचण होती ती तिच्यामागच्या कायद्यांची. ते १८४० आणि १८६१ चे, इंग्लंडच्या संसदेने केलेले. १८९० च्या कायद्याने ते इथे लागू झाले आणि १८९१ मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास या तीनच न्यायालयांना अधिकार मिळाला. इंग्लंडने पुढे स्वतःचे कायदे बदलले, आपण मात्र तिथेच थांबलो.

यातून काय होतं, हे गोव्याच्या मालाच्या एका खटल्यात दिसलं. १९८४ मध्ये 'एम. व्ही. एलिझाबेथ' हे जहाज मुरगाव बंदरातून माल घेऊन निघालं, पण माल घेतल्याची कागदपत्रं दिली नाहीत. खरेदीदाराने पैसे दिलेले नसताना, माल देऊ नका असं सांगूनही, तो तिकडे देऊन टाकला. पुढे जहाज विशाखापट्टणमला आलं तेव्हा त्याला अटक झाली. जहाजवाल्यांचं म्हणणं असं, की १८६१ चा कायदा बंदरात आलेल्या मालाबद्दल बोलतो, बाहेर गेलेल्या नाही. शिवाय आंध्रच्या न्यायालयाला हा अधिकारच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये हे फेटाळलं. म्हणजे आपला माणूस आठ वर्षं भांडला तो मालाच्या पैशासाठी कमी, दावा ऐकला जावा म्हणून जास्त!

निकालानंतरही नवा कायदा यायला २०१७ उजाडलं. तो १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला आणि ते जुने कायदे रद्द झाले. अधिकार गुजरात, कर्नाटक, केरळ, ओडिशा अशा आणखी उच्च न्यायालयांनाही मिळाला. मला त्यातली सर्वांत चांगली वाटते ती देण्यांची रांग: जहाजावर ज्यांचा हक्क सर्वांत आधी चालतो, त्यांत पहिला नंबर खलाशांच्या पगाराचा आणि त्यांना घरी पाठवण्याच्या खर्चाचा. इतर अशा हक्कांना एक वर्षाची मुदत, पगाराला दोन. आणि उगाच जहाज अडकवणाऱ्याकडून नुकसानभरपाईची हमी न्यायालय मागू शकतं.

मात्र पालकांना एक स्पष्ट सांगायला हवं. बांधावरच व्यापाऱ्याला केळी विकून मोकळा झालेला शेतकरी यात सहसा कुठेच नसतो. दावा लावतो तो निर्यातदार. शेतकऱ्यांची कंपनी स्वतः माल पाठवत असेल, तर माल भरल्याची पावती, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, कोणाच्या नावावर आहे ते आधी बघावं. त्या पावतीचाही कायदा १८५६ चा होता, तो २०२५ मध्ये बदलला.

"सर, हतनूरच्या पाण्यातली नाव पकडता येईल का?" हा प्रश्न हमखास येतो. नाही येणार. नदी-तलावातल्या नौकांना हा कायदा लागू नाही. सरकारने अधिसूचना काढली तरच.