नावामागचा माणूस

(रोज आपण अनेक नावे उच्चारतो. गावाचे नाव, चौकाचे नाव, सुट्टीचे नाव. ही नावे कोठून आली आणि ती कोण ठेवतो, याची माहिती या पाठात दिली आहे.)

आपल्या जिल्ह्याचे नाव भंडारा. हे नाव कोणा राजाचे किंवा पुढाऱ्याचे नाही. सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या रतनपूर येथील शिलालेखात 'भानारा' असा उल्लेख आहे. त्यावरून 'भंडारा' हे नाव आले, असे मानतात. जुनी नावे बहुधा अशीच असतात. ती कोणी ठरवून ठेवलेली नसतात. लोकांच्या तोंडी ती हळूहळू घडत जातात.

काही नावे मात्र विचारपूर्वक ठेवलेली असतात. भंडाऱ्याजवळ आयुध निर्माणीची वसाहत आहे. तिचे नाव जवाहरनगर. भारताचे पहिले पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांचे ते स्मारकच आहे. पवनी तालुक्यात वैनगंगा नदीवर मोठे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. या प्रकल्पाला 'इंदिरा सागर' असे नाव देण्यात आले. तरीही लोक त्याला 'गोसीखुर्द' असेच म्हणतात. गोसीखुर्द हे तेथील एका लहान गावाचे नाव. कागदावर एक नाव आणि बोलण्यात दुसरे, असे पुष्कळदा घडते.

या धरणाच्या पाण्याखाली भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे गेली. माणसे नव्या जागी राहायला गेली. घर गेले, शेत गेले, तरी गावाचे नाव सोडवत नाही. म्हणून एखाद्या मोठ्या व्यक्तीचे नाव वाचताना त्या जागेच्या जुन्या नावांचीही आठवण ठेवली पाहिजे.

नाव देणे ही साधी गोष्ट नाही. चौकाचे किंवा रस्त्याचे नाव नगरपरिषद ठराव करून ठेवते. गावाचे नाव बदलायचे असेल, तर राज्य सरकारला केंद्र सरकारची संमती घ्यावी लागते. कधी कधी एका नावासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव द्यावे, असा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला. त्याला विरोध झाला. दंगली झाल्या, दलित वस्त्यांमधील घरे जळाली, माणसे प्राणाला मुकली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असे नाव देण्यात आले.

याच बाबासाहेबांचा भंडाऱ्याशीही संबंध आहे. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. बाबासाहेब तिला उभे होते. त्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. परंतु आज १४ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस राज्यभर साजरा होतो आणि त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. माणसाची थोरवी एका निवडणुकीच्या निकालावर ठरत नाही, हे यावरून दिसते.

जागांप्रमाणेच दिवसांनाही नावे मिळतात. २ ऑक्टोबरला गांधी जयंतीची सुट्टी असते. २००७ पासून संयुक्त राष्ट्रसंघानेही हा दिवस 'आंतरराष्ट्रीय अहिंसा दिन' म्हणून स्वीकारला आहे. काही दिवस सुट्टीचे नसतात, कामाचे असतात. ११ नोव्हेंबर हा देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्मदिवस. २००८ पासून तो 'राष्ट्रीय शिक्षण दिन' म्हणून पाळला जातो. १५ ऑक्टोबरला माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस येतो. महाराष्ट्रात तो 'वाचन प्रेरणा दिन' असतो. २७ फेब्रुवारी हा कवी कुसुमाग्रज यांचा जन्मदिवस आपण 'मराठी भाषा गौरव दिन' म्हणून साजरा करतो. या दिवशी शाळा बंद ठेवून नव्हे, तर शाळेत शिकून आणि वाचूनच त्या थोरांचा मान राखला जातो.

काळाबरोबर नावे बदलतातही. अहमद निजामशाहाने वसवलेले अहमदनगर २०२४ साली अहिल्यानगर झाले. हे नाव अहिल्याबाई होळकर यांच्यावरून आले आहे. नव्या पाटीवर नवे नाव येते, परंतु इतिहासाच्या पुस्तकात दोन्ही नावे राहतात. विद्यार्थ्याला दोन्ही ठाऊक असली पाहिजेत.

पाटी रंगवायला एक दिवस पुरतो. पाटीवरच्या माणसाचे काम समजून घ्यायला वेळ लागतो. ते समजून घेतले नाही, तर नाव केवळ पत्त्यापुरते उरते. मुलांनो, तुमच्या रस्त्यावरील पाटी नीट वाचा आणि त्या माणसाने काय केले, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

शब्दार्थ
शिलालेख – दगडावर कोरलेला लेख
वसाहत – वस्ती
पायाभरणी – बांधकामाची सुरुवात
संमती – परवानगी
थोरवी – मोठेपणा

स्वाध्याय
१. 'भंडारा' हे नाव कोणत्या नावावरून आले, असे मानतात?
२. इंदिरा सागर प्रकल्पाला लोक कोणत्या नावाने ओळखतात?
३. ११ नोव्हेंबर हा दिवस कोणाच्या स्मरणार्थ पाळतात?
४. तुमच्या गावातील एका चौकाच्या किंवा रस्त्याच्या नावाविषयी पाच वाक्ये लिहा.