न्याय घरच्यांना निराळा नसतो

हुतूतूचा खेळ आपणा सर्वांना ठाऊक आहे. एक गडी दम धरून चढाईला जातो. समोरचे गडी त्याची पकड करू पाहतात. आता समजा, चढाईचा गडी परत फिरला आहे. मधली रेषा चार हातांवर आली आहे. इतक्यात बाद होऊन बाहेर बसलेला एक गडी आत धावला आणि त्यानं याचा पाय धरला. मग काय होईल? मोठा गलका होईल. सारे पंचांच्या तोंडाकडे पाहतील. आणि पंच पाय धरणाऱ्याच्याच गावचे असले तर?

असाच एक प्रसंग १९१८ साली अमेरिकेत घडला. त्याची हकीकत या धड्यात वाचू.

खलाशांचा संघ

अमेरिकेत शिकागो नावाचं मोठं शहर आहे. त्याच्या उत्तरेला मिशिगन सरोवराच्या काठी नौदलाचा तळ आहे. नौदल म्हणजे समुद्रावर लढणारी फौज. या तळाचं नाव ग्रेट लेक्स. तो १९११ साली सुरू झाला. नवे रंगरूट इथं कवायत शिकतात आणि मग जहाजावर जातात.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. हजारो तरुण या तळावर दाखल झाले. त्यांत कॉलेजात फुटबॉल खेळलेले पुष्कळ होते. त्यांतून तळाचा संघ उभा राहिला. जॉर्ज हॅलस हा त्यांतलाच एक. पुढं अमेरिकन फुटबॉलमध्ये त्याचं फार मोठं नाव झालं.

त्यांचा फुटबॉल आपल्या फुटबॉलसारखा नाही. चेंडू लांबट असतो. दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळतात. समोरचे गडी पळणाऱ्याला धरून खाली पाडतात. एका वेळी एका बाजूचे ११ गडी मैदानात असतात. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की ६ गुण मिळतात. त्यावर एक लाथ मारायला मिळते. चेंडू दोन खांबांमधून गेला की आणखी १ गुण.

साथीचं वर्ष

१९१८ च्या सप्टेंबरात ग्रेट लेक्सच्या छावणीत फ्लूची साथ शिरली. पुष्कळ तरुण खलाशी लढाईवर जाण्याआधीच दगावले. हीच साथ त्या वर्षी आपल्याकडेही आली होती. आपले लोक तिला मानमोडी म्हणत. गावंच्या गावं तिनं ओस पाडली.

अशा दिवसांत या संघाचे सामने झाले. समोर बहुतेक कॉलेजांचे संघ होते. आयोवाला त्यांनी १० विरुद्ध ० असं हरवलं. इलिनॉयला ७ विरुद्ध ०. नॉर्थवेस्टर्न आणि नोत्र दाम यांच्याशी बरोबरी झाली. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबलं. त्यानंतर रटगर्स कॉलेजाला ५४ विरुद्ध १४ असं हरवलं. संघ अजून एकदाही हरला नव्हता.

ॲनापोलिसचा सामना

२३ नोव्हेंबरला ॲनापोलिस इथं सामना ठरला. नौदलाचे अधिकारी घडवणारं कॉलेज तिथं आहे. म्हणजे एका बाजूला होणारे अधिकारी आणि दुसऱ्या बाजूला तळावरचे खलाशी. मैदान अधिकाऱ्यांचं. त्यांचा संघही त्या वर्षी एकदाही हरला नव्हता.

सामना संपत आला होता. ॲनापोलिसचे ६ गुण, ग्रेट लेक्सचे ०. ॲनापोलिसचे गडी आणखी गुण घेण्याच्या बेतात होते. तोच त्यांच्या गड्याच्या हातून चेंडू सुटला. तो ग्रेट लेक्सच्या आयलसननं झेलला आणि उलट्या दिशेनं धूम ठोकली. समोर मोकळं मैदान. त्याला गाठील असं कोणी नव्हतं.

तेवढ्यात ॲनापोलिसचा एक बदली गडी बाकावरून उठला. मैदानात धावत येऊन त्यानं आयलसनला खाली पाडलं.

एकच वाद पेटला. गुण द्यायचे की नाही? तेव्हा कॉलेजाचे प्रमुख एडवर्ड एबरली यांनी निकाल केला. गुण ग्रेट लेक्सला द्या, असं त्यांनी सांगितलं. मैदान त्यांचं, गडी त्यांचे, आणि निकाल मात्र त्यांच्याच विरुद्ध! ग्रेट लेक्सचे ६ गुण धरले. मग लाथेचा १ गुण मिळाला. सामना ७ विरुद्ध ६ असा ग्रेट लेक्सनं जिंकला.

त्या साली ॲनापोलिस हा एकच सामना हरलं. एबरली गप्प राहते, तर कदाचित तोही हरलं नसतं. ग्रेट लेक्सनं पुढं पर्ड्यू कॉलेजाला २७ विरुद्ध ० असं हरवलं. मग १ जानेवारी १९१९ रोजी कॅलिफोर्नियात पॅसाडेना इथं मोठा सामना झाला. त्यात मेअर आयलंडच्या नौसैनिकांना १७ विरुद्ध ० असं हरवून ते अजिंक्य राहिले. एबरली यांचाही मान कमी झाला नाही. १९२३ साली ते साऱ्या अमेरिकन नौदलाचे मुख्य अधिकारी झाले.

आपल्यासाठी

मंडळी, बांधाचा तंटा असो, पाण्याची पाळी असो, की भावकीतली वाटणी असो. कधी ना कधी आपल्यालाही पंच म्हणून बसावं लागतं. परक्याच्या चुकीला चूक म्हणणं सोपं आहे. आपल्या माणसाचा पाय रेषेबाहेर पडला, तर तो दिसला असं चारचौघांत सांगणं अवघड. पण ज्यानं असं एकदा सांगितलं, त्याच्या शब्दावर पुढं दोन्ही बाजू विश्वास ठेवतात. आम्हांला वाटतं, गावात पंचाची खरी मिळकत हीच.

प्रश्न

१. ग्रेट लेक्सचा तळ कोठे आहे?
२. आयलसनला कोणी पाडले? ते का चुकीचे होते?
३. एबरली यांच्या निकालाने त्यांच्या कॉलेजाचे काय नुकसान झाले?
४. तुमच्या गावात कोणी आपल्या माणसाविरुद्ध खरा निकाल दिला आहे काय? चार ओळी लिहा.