ई-मेल खरा की बनावट? पारख करण्याची रीत

रुग्णालयाचा व्यवहार पूर्वी टपालाने व धनादेशाने चालत असे. आज देणगीची पावती, औषध पुरवठादाराचे बिल, विमा कंपनीची मंजुरी आणि रुग्णाचा तपासणी अहवाल हे सारे ई-मेलने येते-जाते. रांजणगाव व सणसवाडी येथील कारखान्यांतील कामगारांपासून परदेशस्थ देणगीदारांपर्यंत अनेकांचा आपल्याशी संबंध याच मार्गाने राहतो. त्यामुळे बनावट ई-मेल कसा ओळखावा, हा विषय यंदाच्या अहवालात मुद्दाम घेतला आहे.

या फसवणुकीस 'फिशिंग' म्हणतात. गळ टाकून मासा पकडावा, तसा हा प्रकार; शब्दाचे मूळही मासेमारीतच आहे. मात्र गळाला लावलेले आमिष नेहमी लोभाचेच असते असे नाही. बहुधा ते भीतीचे अथवा घाईचे असते. 'आज सायंकाळपर्यंत केवायसी न केल्यास खाते बंद होईल', 'आपल्या रुग्णाचा विमा दावा नामंजूर होत आहे, त्वरित येथे क्लिक करावे' असा तो मजकूर असतो. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेला नातेवाईक तो शांत चित्ताने वाचील, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय.

सुशिक्षित व अनुभवी माणसे यात सापडत नाहीत, हा समज पुण्यातीलच एका घटनेने खोटा ठरविला. सप्टेंबर २०२२ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या लस उत्पादक संस्थेच्या एका संचालकांना मुख्य कार्यकारी अधिकारी अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आला. काही बँक खात्यांत तातडीने रक्कम भरण्यास त्यात सांगितले होते. त्यानुसार १ कोटी १ लाख १ हजार ५५४ रुपये पाठविले गेले. पूनावाला यांनी असा संदेश धाडलाच नव्हता, हे नंतर उघड झाले व बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. येथे माध्यम ई-मेल नसून व्हॉट्सअ‍ॅप होते, इतकाच फरक. वरिष्ठांचे नाव, कमालीची तातडी आणि अनोळखी खाते या तीन गोष्टी एकत्र आल्या की हात आखडता घ्यावा.

बनावट पत्रात शुद्धलेखनाच्या चुका असतात, असे पूर्वी सांगितले जाई. ते अगदीच खोटे नव्हते. बांगलादेश बँकेच्या कर्मचाऱ्यांना २०१५ मध्ये नोकरीच्या अर्जाच्या मिषाने ई-मेल पाठवून चोरट्यांनी तेथील संगणकांत शिरकाव केला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ९५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचे आदेश दिले. त्यांपैकी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये गेले. श्रीलंकेतील एका संस्थेच्या नावे काढलेले २ कोटी डॉलर मात्र वाचले, कारण आदेशात 'फाउंडेशन' हा शब्द 'फँडेशन' असा लिहिला गेला होता आणि मधल्या बँकेने त्यावर शंका घेतली. एका स्वराने केवढी रक्कम वाचविली! परंतु आता निर्दोष मराठी वा इंग्रजी पत्र यंत्राकडूनच लिहून घेता येते. भाषा शुद्ध, बोधचिन्ह हुबेहूब, म्हणून पत्र खरे, असे मानण्यास आधार उरलेला नाही.

मग पाहावे काय? प्रथम पत्ता. मोबाइलवर केवळ पाठविणाऱ्याचे नाव दिसते आणि नाव कोणालाही कोणतेही लावता येते. त्या नावावर बोट टेकविल्यास मूळ पत्ता उघडतो. तो शेवटाकडून वाचावा. टपालाच्या पाकिटावर आपण आधी जिल्हा व तालुका पाहतो, तसेच हे. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ मधील आदेशानुसार बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर न्यावी लागली, आणि हा शेवट बँकांखेरीज इतरांस मिळत नाही. म्हणून 'एसबीआय डॉट बँक डॉट इन' हा पत्ता स्टेट बँकेचा. पण 'एसबीआय डॉट बँक डॉट इन-केवायसी डॉट कॉम' हा कोणा 'इन-केवायसी'वाल्याचा. दुकानावर 'पुणे स्टोअर्स' अशी पाटी असली म्हणून दुकान पुण्यात असतेच असे नाही.

पत्रातील दुव्याचेही तसेच. दिसणारे शब्द एक आणि आतला पत्ता भलताच, असे सर्रास घडते. दुव्यावर बोट दाबून धरल्यास आतला पत्ता दिसतो. संगणकावर नुसता माउस त्यावर नेला तरी पुरते. न मागविलेले जोडपत्र उघडू नये, मग त्यास 'बिल' म्हटलेले असो वा 'रिपोर्ट'.

तथापि पाठविणाऱ्याचा पत्ताही कधीकधी खोटा घालता येतो, किंवा खऱ्या माणसाचेच ई-मेल खाते चोरट्याच्या हाती गेलेले असते. अशा वेळी वरील साऱ्या कसोट्या पार करून बनावट पत्र पुढे येते. येथे हिशेबनिसाची जुनी शिस्त कामी येते: व्हाउचरची खातरजमा त्याच व्हाउचरवरून करावयाची नसते. पत्रात दिलेल्या क्रमांकावर फोन करणे म्हणजे चोरालाच साक्षीस बोलावणे होय. पुरवठादाराने 'आमचे बँक खाते बदलले आहे' असे कळविल्यास त्याच्या जुन्या बिलावरील क्रमांकावर बोलून, विश्वस्तांच्या स्वाक्षरीनंतरच नोंद बदलावी, हा नियम आपल्या लेखा विभागास लागू आहे. यामुळे एखादे देयक दोन दिवस लांबते; ते लांबू द्यावे.

विश्वस्तांनी ध्यानात ठेवावा असा आणखी एक प्रकार म्हणजे परदेशातील दानशूराचे पत्र. मोठी देणगी देऊ करून 'हस्तांतरण शुल्क' आधी मागितले जाते. परकीय देणगीच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी नोंदणीकृत संस्थेस प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारता येते. पत्र दुसरे खाते वा दुसरी वाट सुचवीत असेल, तर विचार तेथेच थांबवावा. देणगीदारांनीही रुग्णालयाच्या नावे नव्या खात्यात रक्कम मागणारे आवाहन आल्यास आपल्याजवळील जुन्या पावतीवरील क्रमांकावर विचारणा करावी. रुग्णालयाकडून ओटीपी अथवा कार्डाचा पिन कधीही मागितला जात नाही.

दुव्यावर क्लिक होऊन रक्कम गेलीच, तर बँकेस कळवून त्याच क्षणी १९३० हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक लावावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरण्यापूर्वी गोठविता आले, तरच ते परत मिळण्याची आशा असते; तेथे मिनिटे मोजली जातात. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अथवा शिक्रापूर पोलीस ठाण्यात रीतसर तक्रार द्यावी. सांकेतिक शब्द दुसऱ्या उपकरणावरून बदलावा. लाजेने किंवा रागाने तो ई-मेल पुसून मात्र टाकू नये. पाठविणाऱ्याचा माग त्यातील तपशिलावरूनच काढावा लागतो.