चित्रातील अग्नी : जहाजे व सागरी प्लॅटफॉर्म यांवरील आगीच्या सदृशीकरणाविषयी

वेलचेरीच्या शेजारी असलेल्या मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत महासागर अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. अभ्यागत या नात्याने येथे मुक्काम असताना त्या शास्त्रातील एका विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले गेले. जहाजाला अथवा समुद्रातील तेलाच्या प्लॅटफॉर्मला आग लागल्यास त्याची रचना कशी वागेल, हे आग लागण्यापूर्वीच संगणकाच्या साह्याने पाहण्याच्या पद्धतीस मराठीत 'सदृशीकरण' म्हणतात. हा शब्द त्या ज्ञानाचे स्वरूप नेमके सांगतो काय, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. तो केवळ परिभाषेचा नाही, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

या पद्धतीचे तीन टप्पे आहेत. प्रथम ज्वाला, वायू व धूर यांचा प्रवाह गणिताने मांडला जातो. नंतर पोलादात उष्णता कशी शिरते ते काढले जाते. शेवटी रचनेचे लहान लहान घटक कल्पून ती केव्हा वाकेल वा कोसळेल, हे पाहिले जाते. पोलादाची ताकद सुमारे ४०० अंश सेल्सिअसपर्यंत बव्हंशी टिकते. ६०० अंशांवर ती निम्म्याहून कमी होते. तेल व वायूच्या आगीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमाण वक्रात तर तापमान पाच मिनिटांतच ९०० अंशांपलीकडे जाते. म्हणजे हिशेब मिनिटांचा असतो.

साहित्यशास्त्राच्या अभ्यासकास येथे शंकुकाचा चित्रतुरगन्याय आठवल्याखेरीज राहत नाही. चित्रातील घोड्यास आपण घोडा म्हणतो. ते ज्ञान सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशयरूप नव्हे आणि सादृश्यरूपही नव्हे. संगणकावरील अग्नीचे ज्ञान याच जातीचे आहे. त्याने कोणी भाजत नाही, तरी त्यावर विसंबून भिंतींची जाडी ठरते. 'सदृशीकरण' हा शब्द मात्र शंकुकाने वगळलेल्या चौथ्या प्रकाराचेच नाव धारण करतो.

यावर भट्टतौताचा आक्षेपही तितकाच समर्पक आहे. अनुकरण ओळखण्यास मूळ पाहिलेले असावे लागते, आणि रामास कोणी पाहिले आहे? न लागलेल्या आगीसही कोणी पाहिलेले नसते. अभियंत्याचे उत्तर असे की, तुळया भट्टीत तापवून पाहिलेल्या असतात. अंश अनुभवाचे, समग्र मात्र अनुमानाचे.

तेव्हा हे अनुमान कोणते? नैयायिकांनी मेघावरून भावी वृष्टीचे अनुमान 'पूर्ववत्' आणि नदीच्या पुरावरून होऊन गेलेल्या वृष्टीचे अनुमान 'शेषवत्' मानले. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर अग्निशामकांना शेषवत् अनुमान करावे लागले. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके होती. दुपारी धूर दिसला, ९०० टनांहून अधिक पाणी ओतले गेले. परंतु त्या दाट धुरामुळेच आगीचे मूळ सापडले नाही. धूम होता, वह्नीचे स्थान कळत नव्हते. चार वाजून गेल्यावर जहाज फुटले, शेकडो माणसे दगावली. अग्निशमन सेवा दिन आजही त्याच तारखेस पाळला जातो.

सदृशीकरण हे याउलट पूर्ववत् अनुमान होय. पण ते जितकी कारणे स्वीकारते तितकेच सांगू शकते. २७ जुलै २००५ रोजी 'समुद्र सुरक्षा' हे जहाज बोटांना इजा झालेल्या आपल्या स्वयंपाक्यास उतरविण्यासाठी बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मजवळ आले. पावसाळी खवळलेल्या समुद्रात ते वायूच्या उभ्या नळांवर आदळले; वायू पेटला आणि सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. ३६२ जण वाचले, २२ जण मृत वा बेपत्ता झाले. नळ फुटल्यानंतरची आग गणिताने मांडता येते. पण दुखावलेल्या बोटांपासून फुटलेल्या नळापर्यंतची साखळी कोणत्या समीकरणात बसवावयाची? ती आधी कथा म्हणून सुचावी लागते. कोणती घटना गृहीत धरावयाची, हा निर्णय गणिताच्या अगोदरचा असतो. तेथे वाचलेल्यांच्या साक्षी, खलाशांचे अनुभव आणि क्षुल्लक वाटणारे तपशीलच उपयोगी पडतात.

सारांश, 'सदृशीकरण' हा रूढ शब्द टाकून द्यावा असे सुचवावयाचे नाही. त्याचा अर्थ मात्र पूर्ववत् अनुमान असाच घ्यावा. सादृश्य म्हटले की चित्र किती हुबेहूब आहे, एवढेच आपण पाहतो. अनुमान म्हटले की कोणते कारण वगळले गेले, हे विचारणे भाग पडते. समुद्रावर काम करणाऱ्यांचे प्राण या दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहेत.