राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी



‘आजच राजीनामा द्या, नाहीतर काढून टाकू,’ असे कामावर सांगितले गेले तर काय करावे? २०२५ साली पुण्यातील ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने टीसीएस कंपनी सक्तीने राजीनामे घेत असल्याची तक्रार सरकारकडे केली. कंपनीने आरोप फेटाळला. प्रश्न मात्र आपल्या अनेक घरांतला आहे.

राजीनामा म्हणजे स्वखुशीने सोडलेली नोकरी. सही झाली की कपातीची भरपाई मागणे कठीण होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार :

१) वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो.

२) काढले असो वा राजीनामा असो, राहिलेले वेतन कामकाजाच्या दोन दिवसांत मिळाले पाहिजे.

कपातीचे संरक्षण व्यवस्थापकांना नाही. पण ते नुसत्या हुद्द्यावरून नव्हे, प्रत्यक्ष कामावरून ठरते.

म्हणून घाईने सही करू नका. कारण लेखी मागा. नेमणूकपत्र व पगाराच्या पावत्या घरी जपून ठेवा. अपर कामगार आयुक्त कार्यालयात वेळेवर तक्रार करा.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ परिपत्रकात शिकवले, की गरजेपोटी वा भीतीपोटी कामगाराने मान्य केलेली जाचक अट हा अन्यायच होय. संमती मोकळ्या मनाची असेल तरच ती संमती. कामावर घेणाऱ्यांनीही, घरकामाच्या बाईला काढताना आपणही, हे ध्यानात ठेवावे.