रीत राहिली, दारू गेली

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली एका परीट कुटुंबात डेबूजीचा जन्म झाला. त्याचे वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि त्या व्यसनातच त्यांचा अंत झाला. आईला लहानग्या डेबूजीसह माहेरचा आश्रय घ्यावा लागला.

डेबूजी मोठा झाला, त्याचा विवाह झाला व त्यास कन्यारत्न झाले. बारशाला आप्तेष्टांना दारू व मांसाचे जेवण द्यावे, अशी तेव्हा ज्ञातीत रूढी होती. डेबूजीने बारसे टाळले नाही, की पाहुण्यांचा अनादर केला नाही. त्याने साऱ्यांस अगत्याने बोलावले आणि पंगतीत गोडाचे जेवण वाढले. कित्येकांना ते रुचले नाही. तथापि तो डगमगला नाही.

हाच डेबूजी पुढे संत गाडगेबाबा म्हणून विख्यात झाला. कीर्तनात बाबा श्रोत्यांच्याच बोलीत साधे प्रश्न विचारीत, आणि दारूने घर कसे बुडते याचे उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत. १९५६ साली त्यांचे देहावसान झाले.

मुलांनो, आज व्यसन पुष्कळदा तंबाखूच्या पुडीतून येते. तंबाखूतील निकोटीन या द्रव्यामुळे तिची सवय जडते व ती सुटता सुटत नाही. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. परंतु एखादे वेळी मित्रच पुडी पुढे करतो. अशा वेळी डेबूजीची पंगत आठवावी. मित्राचा स्नेह जपावा आणि पुडी निश्चयाने नाकारावी.