वजन बरोबर, मग साखर कशी वाढली?

"डॉक्टर, माझं वजन तर अगदी बरोबर आहे, मग मला मधुमेह कसा?"

दोन महिन्यांपूर्वी माझ्या दवाखान्यात ५२ वर्षांच्या एका गुरुजींनी हा प्रश्न विचारला. पायाच्या अंगठ्याची जखम तीन आठवडे भरत नव्हती, म्हणून ते आले होते. उपाशीपोटी रक्तातील साखर १८६ निघाली. त्यांचा प्रश्न मला लागला. कारण त्याआधी दोन वेळा मीच त्यांना म्हणालो होतो, "गुरुजी, तुमचा बीएमआय २२ आहे, काळजी नको." त्यांच्या वडिलांना मधुमेह होता हे मला ठाऊक होते. तरी साखर तपासायला सांगितले नाही. चूक माझी होती. म्हणून आज या बीएमआयविषयी.

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा. तो घरीही काढता येतो. उंची मीटरमध्ये घ्यावी, तिला तिनेच गुणावे आणि आलेल्या संख्येने किलोतील वजनाला भागावे. गुरुजींची उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे १.६५ मीटर. १.६५ गुणिले १.६५ म्हणजे सुमारे २.७२. वजन ६० किलो. ६० भागिले २.७२ बरोबर २२.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार १८.५ पेक्षा कमी म्हणजे वजन कमी, २५ च्या पुढे जास्त आणि ३० च्या पुढे स्थूलता. भारतीयांना मात्र कमी वजनावरच मधुमेह, हृदयविकार गाठतात. म्हणून २००९ मध्ये आपल्याकडील तज्ज्ञांनी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता अशी मर्यादा सुचवली.

हे सूत्र मुळात डॉक्टरांचे नव्हेच. १९ व्या शतकात बेल्जियमचे गणिती अडॉल्फ केटले यांनी 'सरासरी माणूस' कसा असतो याचा अभ्यास करताना ते मांडले. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये अमेरिकेतील अँसेल कीज यांनी दिले. समूहाचा अंदाज घ्यायला हा आकडा चांगला. एका माणसाची प्रकृती मात्र त्यावरून पूर्ण कळत नाही.

याचे कारण सोपे आहे. वजनकाट्याला हाड, स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. तालमीतल्या १७० सेंटिमीटर उंचीच्या पैलवानाचे वजन ८५ किलो असेल तर बीएमआय २९ च्या वर जातो. पण ते वजन स्नायूंचे असते. उलट, उतारवयात स्नायू झडतात, त्यांची जागा चरबी घेते आणि काटा तेवढाच राहतो. शिवाय चरबी कुठे साठली आहे, हेही हा आकडा सांगत नाही. पोटात, यकृताभोवती साठलेली चरबी सर्वांत घातक. ती इन्सुलिनचे काम बिघडवते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या पुण्याचेच आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! याज्ञिक यांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. आपली बाळे किरकोळ, स्नायू कमी, तरी त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून. म्हणजे वरून सडपातळ, आतून चरबी, ही गोष्ट जन्मापासूनच सुरू होते.

मग करावे काय? शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या आत तो असावा. उंचीच्या निम्म्यापेक्षा घेर जास्त नको, हीही सोपी खूण. गुरुजींचा घेर ९४ भरला. ही टेप मी आधी लावली असती तर!

तिशीनंतर वजन कितीही असो, रक्तदाब व साखर तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी होते. आईवडिलांना मधुमेह असेल तर अजिबात टाळू नका. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना वर दिलेले आकडे लावू नयेत. आणि प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर 'बारीक झालो' म्हणून खूश न होता डॉक्टरांकडे जा. क्षयरोग किंवा मधुमेहाची ती सुरुवात असू शकते.

बीएमआय टाकाऊ नाही. तो पहिला प्रश्न आहे, शेवटचे उत्तर नव्हे. गुरुजींची जखम आता भरली आहे. औषधे सुरू आहेत, रोज पाऊण तास चालतात. आणि माझ्या टेबलावर वजनाच्या तक्त्याशेजारी आता शिंप्याची टेप असते.